भगवी बातमी आणि राखीव जागा

वर्तमानपत्रांनी लोकशिक्षणाचे काम सोडून दिले आहे, अशी तक्रार आपल्या शिबिरांतून आणि व्याख्यानांतून नेहमी ऐकू येते. मला ती मान्य नाही. वर्तमानपत्रे लोकशिक्षण करीतच असतात, आणि फार चिकाटीने करीत असतात. कोणाच्या नावापुढे 'जी' लावायचा, कोणाला 'मते खाणारा' म्हणायचे, कोणता प्रश्न पहिल्या पानावर मांडायचा आणि कोणता आतल्या पानावर चार ओळींत पुरायचा, हे आपण तिथूनच शिकतो. प्रश्न एवढाच आहे, की हे शिक्षण कोणाच्या सोयीचे असते.

आपल्या नियतकालिकांतून आजवर कविता, आत्मकथने, कादंबऱ्या यांची समीक्षा पुष्कळ झाली. बातमीची झाली नाही. वास्तविक बातमी हाही एक वाङ्मयप्रकारच आहे. तिला नायक असतो, खलनायक असतो, विशेषणे असतात आणि मौनही असते. शंभर माणसे कविता वाचत असतील तर दहा हजार माणसे बातमी वाचतात. म्हणून आज मी एका निवडणुकीच्या बातम्या समीक्षेसाठी घेतो आहे. निवडणूक माझ्याच मतदारसंघातली आहे.

मी मोहोळचा. पुणे-सोलापूर रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव. मोहोळ विधानसभा मतदारसंघ २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. तो ज्या सोलापूर लोकसभा मतदारसंघात येतो, तोही तेव्हापासूनच राखीव आहे. म्हणजे आम्ही दुहेरी राखीव मतदार. मी शाळेत मराठी शिकवले आणि निवृत्त झालो. जुनी सवय म्हणून कात्रणे काढतो. मार्च ते मे २०१९ या काळातल्या कात्रणांची एक फाईल माझ्याकडे आहे. त्यात स्टँडासमोरच्या चहाच्या टपरीवर येणारी दोन वर्तमानपत्रे आहेत आणि घरी येणारे एक. त्यांची नावे मी देत नाही, कारण दोष एका पत्राचा नाही, वळणाचा आहे.

२०१९ ची ती निवडणूक तिरंगी होती. भारतीय जनता पक्षाने गौडगावच्या मठाचे मठाधिपती डॉ. जयसिद्धेश्वर शिवाचार्य महास्वामी यांना उभे केले होते. काँग्रेसकडून माजी केंद्रीय गृहमंत्री सुशीलकुमार शिंदे होते. वंचित बहुजन आघाडीकडून ॲड. प्रकाश आंबेडकर होते. मतदान १८ एप्रिलला झाले, निकाल २३ मे रोजी लागला. महास्वामींना ५,२४,९८५, शिंदे यांना ३,६६,३७७ आणि आंबेडकरांना १,७०,००७ मते पडली.

एका राखीव मतदारसंघात एक लिंगायत मठाधिपती, ढोर समाजातून वर आलेला एक नेता आणि बाबासाहेबांचा बौद्ध नातू समोरासमोर उभे राहतात, ही घटना साधी नाही. भारतातल्या जाती-धर्माच्या प्रश्नाच्या सगळ्या गाठी या एका लढतीत एकत्र आल्या होत्या. वर्तमानपत्रांनी त्यातली एकही गाठ सोडवली नाही. त्यांनी तिचे तीन साचे बनवले.

पहिला साचा संताचा. माझ्या फाईलीत महास्वामींची छायाचित्रे सर्वांत जास्त आहेत. भगवी वस्त्रे, कपाळावर भस्म, पायांशी वाकलेले लोक. बातमीची भाषाही तशीच. इतर उमेदवार गावात 'आले', महास्वामीजींचे 'आगमन झाले'. इतरांना लोक 'भेटले', महास्वामीजींचे लोकांनी 'दर्शन घेतले'. क्रियापदच असे निवडले, की उमेदवाराला प्रश्न विचारण्याची सोय उरत नाही. ज्याचे दर्शन घ्यायचे त्याला उजनीच्या कालव्याचे पाणी शेवटच्या शेतापर्यंत कधी पोहोचणार, हे कसे विचारायचे? आणि तो उन्हाळा तर दुष्काळाचा होता. राज्य सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्येच १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता.

दुसरा साचा यशोगाथेचा. सोलापूरच्या कोर्टातला शिपाई गृहमंत्री झाला, ही शिंदे यांची गोष्ट वर्तमानपत्रांना फार आवडते. ती खरी आहे आणि तिचे मोल मी कमी करीत नाही. परंतु ती सांगण्यात एक सोय असते. एक माणूस वर गेला, की खाली राहिलेल्या वस्तीबद्दल बोलण्याची गरज संपते.

तिसरा साचा उपऱ्याचा. प्रकाश आंबेडकरांबद्दलच्या बातम्यांत दोन शब्द वारंवार येतात. एक 'नातू' आणि दुसरा 'मतविभागणी'. म्हणजे माणूस एक तर वारसा किंवा बेरीज-वजाबाकी. त्यांनी काय मांडले, हे शोधायला मला फाईल पुन्हापुन्हा चाळावी लागली. गंमत अशी, की एका पक्षाचा उमेदवार प्रत्यक्ष मठाधिपती असताना 'धर्माचे राजकारण' हा आरोप ठळक अक्षरांत लागला तो ओवेसींच्या पक्षाशी केलेल्या युतीवर. मठ ही श्रद्धा आणि मुस्लिम मतदार ही धर्मांधता, असा हा व्याकरणाचा नियम. तो कुठल्याही पुस्तकात छापलेला नाही, पण प्रत्येक उपसंपादकाला पाठ असतो.

आता प्रचारात उसळलेला धर्माचा वाद. १ एप्रिल २०१९ रोजी पंतप्रधानांनी वर्ध्याच्या सभेत 'हिंदू दहशतवाद' हा विषय काढला आणि त्या संदर्भात सुशीलकुमार शिंदे यांचे नाव घेतले. शिंदे यांनी गृहमंत्री असताना २० जानेवारी २०१३ रोजी जयपूरच्या काँग्रेस अधिवेशनात संघ-भाजपवर तशा शिबिरांचा आरोप केला होता. पुढच्याच महिन्यात दहशतवादाचा धर्माशी संबंध जोडण्याचा हेतू नव्हता, असे सांगून त्यांनी खेदही व्यक्त केला होता. सहा वर्षांपूर्वीचे ते वाक्य वर्ध्याहून सोलापुरात आले आणि आमच्या तालुक्यात दुष्काळाची जागा घेऊन बसले.

बातमी देऊ नये, असे मी म्हणत नाही. पंतप्रधान बोलले की बातमी होणारच. पण बातमीसोबत वाचकाला तीन गोष्टी सांगणे संपादकाचे कर्तव्य होते. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ (३) प्रमाणे धर्म, जात, पंथ, भाषा यांच्या नावाने मत मागणे हे भ्रष्ट आचरण ठरते, ही पहिली. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने २ जानेवारी २०१७ रोजी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने या कलमाचा अर्थ आणखी व्यापक केला, मतदाराच्या धर्माच्या नावाने केलेले आवाहनही त्यात येते असे सांगितले, ही दुसरी. आणि शिंदे यांनी खेद व्यक्त केला होता, ही तिसरी. माझ्या कात्रणांत या तीन गोष्टी एकत्र कुठेही नाहीत. आहे ते 'आरोप' आणि 'प्रत्युत्तर'. एक बोलला, दुसऱ्याने उत्तर दिले, कबड्डीचा सामना झाला. निवडणूक आयोगाने वर्ध्याच्या भाषणात आचारसंहितेचा भंग झाला नाही, असे ३० एप्रिलला ठरवले. तोवर आमचे मतदान होऊन बारा दिवस झाले होते.

हे वळण आजचे नाही. १९८७ च्या हिवाळ्याची आठवण करा. महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड प्रसिद्ध केला होता. त्यातल्या राम आणि कृष्ण यांच्यावरील परिशिष्टाने गदारोळ झाला. 'दलितांनी हिंदूंच्या भावना दुखावल्या' अशी त्याची बातमी झाली. परिशिष्टात नेमका कोणता युक्तिवाद आहे आणि तो कोणत्या ग्रंथांच्या आधारे केला आहे, हे वाचकाला समजावून सांगण्याची गरज फार थोड्यांना वाटली. ५ फेब्रुवारी १९८८ रोजी मुंबईत दलितांचा विराट मोर्चा निघाला. त्यानंतर हुतात्मा चौकाचे 'शुद्धीकरण' करण्यात आले. शेवटी ग्रंथातील मताशी शासन सहमत नाही, अशी तळटीप घालून तडजोड झाली. त्याच हिवाळ्यात, डिसेंबर १९८७ मध्ये, विलेपार्ल्याची पोटनिवडणूक उघडपणे हिंदू धर्माच्या नावावर लढवली गेली. ती भाषणे भ्रष्ट आचरणात मोडतात, यावर सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब व्हायला ११ डिसेंबर १९९५ उजाडला. एकाच हिवाळ्यातल्या या दोन घटना शेजारी ठेवा. एका विद्वानाने ग्रंथ वाचून विचारलेला प्रश्न 'वाद' ठरला आणि धर्माच्या नावाने मागितलेले मत 'लाट' ठरली.

परंतु माझी खरी तक्रार याहून वेगळी आहे. २०१९ च्या त्या प्रचारात धर्माचा एक खरा प्रश्न होता, आणि तो कोणी विचारलाच नाही.

राखीव जागा हा स्वतःच धर्माशी बांधलेला विषय आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी केली आणि त्यात अट घातली, की हिंदू धर्माखेरीज दुसरा धर्म मानणारा माणूस या यादीत येणार नाही. १९५६ साली शिखांसाठी ती अट सैल झाली. बौद्धांसाठी १९९० साली झाली. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला ज्यांनी दीक्षा घेतली, त्यांना आणि त्यांच्या मुलांना बौद्ध म्हणून राखीव जागेवर उभे राहण्यासाठी चौतीस वर्षे थांबावे लागले. दलित ख्रिश्चन आणि दलित मुसलमान आजही बाहेरच आहेत. म्हणजे २०१९ साली प्रकाश आंबेडकर सोलापुरातून उभे राहू शकले, यामागेही धर्म आणि आरक्षण यांचा हा सगळा इतिहास उभा होता. एकाही बातमीने तो दोन ओळींत सांगितला नाही.

महास्वामींनी 'बेडा जंगम' या अनुसूचित जातीच्या दाखल्यावर निवडणूक लढवली. लिंगायतांत पौरोहित्य करणारे जंगम आणि अनुसूचित यादीतले बेडा जंगम हे एकच की वेगळे, हा वाद महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जुना आहे. त्याच काळात दुसराही एक वाद तापलेला होता. लिंगायत हा स्वतंत्र धर्म आहे, ही मागणी घेऊन २०१७-१८ मध्ये दोन्ही राज्यांत मोठे मोर्चे निघाले होते आणि कर्नाटक सरकारने मार्च २०१८ मध्ये तशी शिफारसही केली होती. आता विचार करा. लिंगायत धर्म हिंदू धर्माहून वेगळा ठरला, तर १९५० च्या आदेशातल्या अटीचे काय? मठाधिपती असलेल्या उमेदवाराची या मागणीबद्दल भूमिका काय? हे प्रश्न विचारायला पत्रकाराला दिल्लीला जावे लागत नव्हते. ते बसवेश्वरांच्या मंगळवेढ्यात बसून विचारता आले असते, आणि मंगळवेढा याच मतदारसंघात आहे. ज्या बसवेश्वरांच्या चळवळीत चांभाराच्या मुलाचे ब्राह्मणाच्या मुलीशी लग्न लागले, त्यांचे नाव बातम्यांत 'लिंगायत मतांचा गठ्ठा' एवढ्यापुरते उरले.

फेब्रुवारी २०२० मध्ये जात पडताळणी समितीने महास्वामींचा दाखला अवैध ठरवला. ते उच्च न्यायालयात गेले. कोर्टकज्जे चालू राहिले आणि खासदारकीची पाच वर्षे पूर्ण झाली. दाखला खरा की खोटा, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. त्यावर मी मत देत नाही. माझा प्रश्न वाचकाचा आहे. ज्या प्रश्नावर मतदानानंतर दहा महिन्यांनी मथळे आले, तो प्रश्न मतदानापूर्वी मतदाराला नीट समजावून का दिला गेला नाही?

हा प्रश्न माझ्या मनात कायद्याच्या पुस्तकातून आलेला नाही. माझी एक विद्यार्थिनी आहे. मातंग समाजातली, दहावीपर्यंत शिकलेली. जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत ती राखीव जागेवर निवडून आली. आपल्या कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीच्या राखीव जागेवरच्या सदस्याला ठरलेल्या मुदतीत जातवैधता प्रमाणपत्र द्यावे लागते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. तिच्या आजोबांनी शाळा पाहिली नव्हती, मग शाळेच्या दाखल्यावर जात कुठून येणार? जमीन नव्हती, मग सातबारा कुठला? ज्या घराला इतिहासाने कागदच दिला नाही, त्या घराकडे कागदाचा इतिहास मागितला जातो. ती मोलमजुरी बुडवून कचेरीच्या पायऱ्या झिजवत राहिली. मुदत संपली आणि तिचे सदस्यत्व गेले. त्याची बातमी आली नाही. येण्याचे कारणही नव्हते.

ती माझ्याकडे फाईल घेऊन आली आणि म्हणाली, "सर, खासदाराला व्हॅलिडिटी लागत नाही का?"

मी तिला खरे उत्तर दिले. लागत नाही. लोकसभेच्या आणि विधानसभेच्या उमेदवारी अर्जासोबत जातीचा दाखला पुरतो, पडताळणी झालेलीच असावी अशी अट नाही. ती काही बोलली नाही. फाईल पिशवीत घालून निघून गेली.

माझ्या मते २०१९ च्या त्या संपूर्ण निवडणुकीवरचे सर्वांत मार्मिक भाष्य या एका वाक्यात आहे. ते एका पडलेल्या ग्रामपंचायत सदस्येने केले आहे, कुठल्याही अग्रलेखाने नाही.

मग पत्रकारांना शिव्या घालून आपण मोकळे व्हायचे का? तेही मला पटत नाही. माझा एक जुना विद्यार्थी तालुका वार्ताहर आहे. मी त्याला ही फाईल दाखवली. तो म्हणाला, "सर, प्रश्न लिहून पाठवला तर पडून राहतो. फोटो पाठवला तर सकाळी छापून येतो." त्याला पगार नाही. जाहिरातीवरचे कमिशन हेच त्याचे उत्पन्न, आणि तालुक्यात जाहिरात देणारे म्हणजे कारखानदार, पतसंस्थावाले आणि पुढारी. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन बातम्या छापल्याचे प्रकरण महाराष्ट्रातूनच देशभर गाजले. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० मध्ये त्यावर अहवाल दिला. पण विकलेली बातमी पकडता येते, जाहिरातीच्या भीतीने न लिहिलेली बातमी कोणत्या समितीपुढे नेणार? बाबासाहेबांनी १९४३ सालीच पुण्याच्या व्याख्यानात सांगून ठेवले होते, की या देशात वृत्तपत्र हा एके काळी पेशा होता, तो आता व्यापार झाला आहे. त्यांना हे अनुभवाने ठाऊक होते. १९२० साली 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नव्हती.

आणि आता आपल्याबद्दल. निकालानंतर आपल्या लोकांनी काय केले? शिंदे आणि आंबेडकर यांच्या मतांची बेरीज केली. ती ५,३६,३८४ होते, म्हणजे विजयी उमेदवारापेक्षा ११,३९९ जास्त. ही बेरीज वर्तमानपत्रांनी छापली आणि आपण ती मोबाईलवरून वस्तीवस्तीत फिरवली. एका गटाने ती आंबेडकरांना दोष द्यायला वापरली, दुसऱ्याने काँग्रेसला. दोघांनीही गृहीत धरले, की मतदार हे कोंडवाड्यातले जनावर आहे. एका दावणीचे सोडले की दुसऱ्या दावणीला बांधता येते. आंबेडकर उभे नसते तर ती १,७०,००७ माणसे कुठे गेली असती, हे त्यांना कोणी विचारले का? आपल्या माणसाच्या मताला 'खाल्लेले मत' म्हणायची प्रस्थापितांची भाषा आपण आपल्याच तोंडाने बोललो. वस्तीतल्या पोरांनी भगव्या वस्त्रांवर टिंगलीचे विनोद पाठवले, पण १९५० चा आदेश काय आहे, हे त्यातल्या एकालाही सांगता आले नाही. याला जबाबदार मी आहे. मी त्यांचा मास्तर होतो.

२०२४ मध्ये भाजपने महास्वामींना पुन्हा उमेदवारी दिली नाही. काँग्रेसच्या प्रणिती शिंदे ७४,१९७ मतांनी निवडून आल्या. उमेदवार बदलले, निकाल बदलला. त्याच वर्षीच्या विधानसभा प्रचारात 'बटेंगे तो कटेंगे' आणि 'व्होट जिहाद' हे शब्द मथळ्यांतून घरोघर पोहोचले. काही पत्रांनी त्यांच्यावर टीकाही केली, पण टीका करताना ते शब्दच आणखी मोठ्या टाईपात छापले. म्हणजे वळण तेच आहे.

यावर उपाय मोठा नाही, पण चिकाटीचा आहे. प्रत्येक तालुक्यात चार कार्यकर्त्यांनी निवडणुकीच्या काळात कात्रणांची फाईल ठेवावी. कोणाला किती जागा, कोणते क्रियापद, कोणता प्रश्न गाळला, हे लिहून काढावे. उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र सर्वांना पाहता येते, ते वाचून प्रश्नांची यादी करावी आणि मतदानाआधी जाहीर सभेत विचारावी. वार्ताहराला शिवी देण्याऐवजी प्रश्न तयार करून त्याच्या हातात द्यावा. जिल्ह्यात प्रसारमाध्यमांवर लक्ष ठेवणारी निवडणूक यंत्रणेची समिती असते, तिच्याकडे लेखी तक्रार करावी. उत्तर आले नाही तर तेही फाईलीत लावावे. शिक्षकांनी ही फाईल वर्गात न्यावी. आम्ही मुलांना उपमा-उत्प्रेक्षा शिकवतो. 'आगमन' आणि 'येणे' यांतला फरक शिकवत नाही.

आमच्या मोहोळला नागनाथाचे देऊळ आहे. त्या नागेश संप्रदायाच्या परंपरेत आलमखान या मुसलमान संताचे नाव आदराने घेतले जाते. धर्माबद्दल बोलायला आमच्याकडे विषयांची वाण नव्हती. चोखोबा आमच्याच मुलखातले, बसवेश्वरही आमच्याच मुलखात वावरलेले. निवडणुकीच्या बातमीला यांच्यापैकी कोणाचीही गरज पडली नाही. तिला फक्त रंग हवा होता.

त्या मुलीची फाईल अजून अपुरीच आहे. तिच्या आजोबांचे नाव १९५० पूर्वीच्या एखाद्या कागदावर सापडते का, हे आम्ही दोघे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदींत शोधतो आहोत. पुढच्या निवडणुकीला ती पुन्हा उभी राहणार आहे. तिने विचारलेला प्रश्न मी इथे छापून ठेवतो आहे, म्हणजे निदान एका नियतकालिकात तरी तो मतदानाच्या आधी आलेला असेल.